पुढच्या सीटवरच्या मातोश्री

मोठ्याबाईंची तक्रार एवढीच होती, की त्यांचा मुलगा गाडीत बसला की माणसात राहत नाही.

घरात तो गरीब गाय. नळ, तोट्या आणि वॉशबेसिनचं त्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने दुकानातल्या सगळ्या तोट्या फिरवून पाहिल्या आणि एकही न घेता पाठ फिरवली, तरी हा हात जोडून "पुन्हा या" म्हणायचा. बायकोच्या हातून मीठ जास्त पडलं तर वर पाणी प्यायचा आणि गप्प बसायचा. पण तोच मुलगा गाडीची किल्ली फिरवली की असा पालटायचा, जणू किल्ली गाडीत नव्हे, त्याच्याच बरगडीत फिरलीय. पुढच्याने वाट दिली नाही तर त्याच्या सात पिढ्या काढायचा आणि मागच्याने मागितली तर चौदा. घरात मुंगीला वाट देणारा हा माणूस रस्त्यावर रुग्णवाहिकेला देत नसे. त्यात संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मित्रांबरोबर 'थोडीशी' घ्यायची सवय. थोडीशी म्हणजे किती, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. न घेणाऱ्याला उंबऱ्यावरच कळतं.

"अरे, त्याच रस्त्याने तुझी पोर सायकलीवर क्लासला जाते," मोठ्याबाई म्हणायच्या. "लोकांच्या लेकरांची नाही, तर निदान स्वतःच्या लेकराच्या हाडांची तरी काळजी कर."

"आई, मी सावकाशच चालवतो गं. लोकच मध्ये येतात."

"येणारच. रस्ता तुझ्या बापाने तुझ्या नावावर करून ठेवलाय, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही ना!"

मोठ्याबाई दुसरीपर्यंत शिकल्या होत्या. तिसरीत बसवावं की नाही यावरून मास्तरांशी त्यांचा वाद झाला, आणि त्यात मास्तर हरले. तेव्हापासून त्यांनी हरणं कसं असतं ते पाहिलं नव्हतं. गल्लीतले लोक त्यांना समोर 'मोठ्याबाई' आणि मागून 'तोफ' म्हणत. दोन्ही नावं त्यांना मान्य होती. अशा बाईचं ऐकत नव्हता तो एकच माणूस, तोही स्टिअरिंगमागे असतानाच. तेव्हा त्याने एक सोपी युक्ती काढली होती: आईला गाडीतच घ्यायचं नाही. "तुला कशाला त्रास? ऊन आहे. धूळ आहे. खड्डे आहेत." ह्या तीन कारणांवर मोठ्याबाईंनी कित्येक वर्षं खिडकीतून रस्ता पाहिला.

चौकातल्या पोलीस ठाण्याची तक्रार जरा वेगळी होती. मद्यधुंद आणि आक्रमक वाहनचालनाचं प्रमाण तातडीने कमी करावं, असा वरून आदेश आला होता. कसं करावं ते आदेशात नव्हतं. ते कधीच नसतं.

ठाण्याच्या साहेबांनी हातपाय बरेच हलवले. आधी चौकात 'लक्ष रस्त्यावर ठेवा' असा भला मोठा फलक लावला. तो वाचता वाचता लोक पुढच्या गाडीवर आदळू लागले, म्हणून फलक काढला. मग दारूचा वास ओळखणारं यंत्र आणलं. त्यात फुंकायच्या नळ्या लवकरच संपल्या आणि नव्या यायला मंजुरी लागत होती. तोवर चालकांनी थेट हवालदाराच्या तोंडावर "हाऽऽ" करावं, असं ठरलं. हवालदार माणूस इमानदार. एकही "हाऽऽ" त्याने चुकवला नाही. आठवडाभरात तो नुसत्या वासाने झोकांड्या खाऊ लागला, आणि एका संध्याकाळी त्यालाच दोघांनी धरून घरी पोचवावं लागलं. ही झाली दारूची कथा. राग मोजायला तर यंत्रच नव्हतं.

अशा दिवसांत मोठ्याबाईंचा चष्मा फुटला. डॉक्टरकडे न्यायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा मुलाने नाइलाजाने आईला गाडीत घेतलं. चौकात त्याची गाडी आणि एक टेम्पो नाकाला नाक लावून उभे राहिले. दोघांनी हॉर्न वाजवले, दोघे खाली उतरले, दोघांनी बाह्या वर केल्या. मागे रस्ता तुंबला. हवालदाराने शिट्टी वाजवली, ती कुणी ऐकली नाही.

मग पुढचं दार उघडलं आणि मोठ्याबाई खाली उतरल्या.

"काय रे, घरी आईने जेवायला घातलं नाही का, रस्त्यात माणसं खायला निघालात?" त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "आणि तू! दुकानात शेळी आणि रस्त्यावर वाघ? बाह्या खाली घे. तू मागे जा. तू पुढे हो. आणि तोंडातून आता एक अक्षर निघालं तर दोघांनाही इथेच कान धरून उभं करीन."

दोघांनी बाह्या खाली घेतल्या. टेम्पोवाला तर "चुकलं, मावशी" असंही म्हणाला. रस्ता मोकळा झाला.

साहेब ठाण्याच्या पायरीवरून, हातातला चहा निवू देत, हे पाहत होते.

"हवालदार, हे आपल्याला का जमत नाही?"

"साहेब, आपल्याकडे फक्त कायदा आहे."

साहेबांच्या डोक्यात कल्पना आली. कल्पना येण्याची सवय नसल्याने त्यांनी ती तपासून न पाहता थेट वर पाठवली. वरच्यांनाही ती सवय नव्हती, म्हणून ती तशीच मंजूर होऊन खाली आली. तिचं नाव 'मातृसहवास योजना'. मजकूर असा: 'ज्या वाहनाच्या पुढील आसनावर चालकाची माता आसनस्थ असेल, त्या वाहनाचा चालक शुद्धीत व शांत आहे असे गृहीत धरण्यात येऊन त्याची तपासणी करण्यात येऊ नये.'

ठाण्यात मोठ्याबाईंचा फोटो लागला. त्यांना बोलावून साहेबांनी स्वतः आदेश वाचून दाखवला.

"म्हणजे काय?" मोठ्याबाईंनी विचारलं.

"म्हणजे आई शेजारी असली की माणूस पीत नाही आणि भांडत नाही."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गृहीत धरलंय."

"तुम्हाला आई आहे का, साहेब?"

"गावी असते. फार दिवसांत जाणं झालं नाही."

"तरीच," मोठ्याबाई म्हणाल्या. पण फोटो छान आला होता, म्हणून त्यांनी विषय तिथेच सोडला.

योजनेला पहिल्या दिवसापासून यश आलं. आई असलेल्या गाड्या तपासायच्या नव्हत्या, त्यामुळे त्यांत कुणी पिऊन सापडेना. कुणी सापडेना, म्हणजे कुणी पीत नाही, हे उघडच होतं. उतरत्या आलेखाचा कागद साहेबांनी भिंतीवर फोटोशेजारी लावला.

मोठ्याबाईंच्या घरीही सोन्याचा सूर्य उगवला. ज्या मुलाला ऊन, धूळ आणि खड्डे आठवायचे, तो संध्याकाळी दुकानातून मुद्दाम घरी येऊन म्हणू लागला, "आई, चल, जरा फिरवून आणतो." सीटवर मऊ उशी आली. मोठ्याबाई ठेवणीतले कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन, गल्लीतल्या प्रत्येक खिडकीकडे पाहत निघायच्या. सून म्हणाली, "सासूबाई, एकाएकी एवढं प्रेम कसं हो उतू चाललंय?" तर मोठ्याबाई म्हणाल्या, "जळू नकोस. तुझाही मुलगा होईल मोठा." सुनेला मुलगी एकच, आणि तीही मोठी झालेली. पण टोमण्याला एवढा हिशेब लागत नाही.

फिरायला म्हणजे कुठे, तर बारमध्ये. बारमालक काळाच्या पुढे होता. त्याने बाहेरच्या बाजूला पंखा आणि खुर्च्या टाकून वर पाटी लावली होती: 'मातोश्री कक्ष. चहा आमच्यातर्फे.' आत मुलं बसायची, बाहेर आया. तिथे मोठ्याबाईंना किती वर्षांनी मैत्रिणी मिळाल्या! एकीचा गुडघा, दुसरीची सून, तिसरीचं दोन्ही. आतून हसणं वाढलं की बाहेर एखादी म्हणायची, "रंगलेत वाटतं." दुसरी म्हणायची, "रंगू देत, दिवसभर राबतात." मग चहा पुन्हा यायचा.

परतताना गाडीत वास यायचा. मोठ्याबाईंना तो येत नव्हता असं नाही. त्यांचं नाक तिसरीच्या मास्तरांनीही मानलं असतं. पहिल्या दिवशी त्या रागाने बोलणार होत्या. पण तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, रविवारी तुला तळ्यावर नेतो." मोठ्याबाईंनी खिडकीची काच खाली केली आणि तोंड बाहेर काढलं.

ज्यांना आई नव्हती त्यांनी अर्थातच अन्यायाची हाकाटी केली. साहेबांनी सुनावणी घेतली. 'सासू ही आईसमानच' असं लिहून द्यायला इतके जावई आले, की ठाण्याबाहेर रांग लागली. आत सासवा डोळे पुसत होत्या. एवढी माया जावयांच्या तोंडून त्यांनी कधी ऐकली नव्हती. सासू मंजूर झाली. मग मावशी झाली, आत्या झाली. शेवटी काही गरजू म्हाताऱ्या बाजाराच्या तोंडाशी सरळ रांगेने बसू लागल्या. गाडी थांबायची, चालक विचारायचा, "येता का, आई?" आणि आई विचारायची, "जाऊन-येऊन की नुसतं जाऊन?"

तेव्हा साहेबांनी तोतया मातोश्रींविरुद्ध मोहीम उघडली. तोतया मातोश्री आढळल्यास चालकाची जागच्या जागी तपासणी करावी, आणि मातोश्रीने स्वतः कबुली दिल्यास अधिक पुरावा मागू नये, असा पोटनियम झाला. खरी आई ओळखायची कसोटीही ठरली: ती मुलाला रागावते का, ते पाहायचं. पहिल्याच दिवशी एका बाईने मुलाकडे पाहून नुसतं "दमलास का रे?" म्हटल्यावर हवालदाराने तिला तोतया ठरवून खाली उतरवलं. त्या गाडीच्या मागच्या गाडीत कापड दुकानातला पुतळा पांढऱ्या केसांचा टोप घालून बसवला होता. त्याच्या ताठ मानेकडे आणि मिटल्या ओठांकडे पाहून हवालदार म्हणाला, "फारच रागावल्यात," अन् त्याने सलाम ठोकून गाडी सोडून दिली.

आता आक्रमकपणाचं विचाराल, तर तो कमी झाला नव्हता, त्याला मान मिळाला होता. पूर्वी लोक नुसते हॉर्न वाजवायचे. आता काच खाली करून ओरडायचे, "आई आहे गाडीत, दिसत नाही?" पलीकडून उत्तर यायचं, "मग इकडे काय शेजारीण आहे?" सगळ्याच गाड्यांत आई असल्याने सगळ्यांनाच आधी जायचं होतं. साहेबांनी त्यावरही उपाय काढला. रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी पिवळा पट्टा आखलेला होता. सायकलवाल्यांबरोबर कुणाची आई नसते हे ध्यानात घेऊन तो पट्टा 'मातृमार्गिका' म्हणून गाड्यांना देण्यात आला. अपघात होतच होते, पण आई गाडीत असताना झालेला अपघात वाहतुकीत न धरता 'कौटुंबिक बाब' धरायचा असं ठरल्यामुळे आलेख खालीच राहिला.

अशाच एका संध्याकाळी मोठ्याबाई आणि त्यांचा मुलगा बारवरून परतत होते. अजून उजेड होता. मुलगा रोजच्यापेक्षा जास्त रंगला होता. दुकानातल्या दिवसभराच्या 'पुन्हा या'चा सूड तो एका स्कूटरवर उगवत होता. मोठ्याबाई सीटची कड धरून बसल्या होत्या. "अरे, जरा..." एवढं त्या म्हणाल्या. आज एवढंच म्हणाल्या.

चौकात पोलिसांचा अडथळा दिसला. मुलाने लांबूनच हॉर्न दाबला आणि ओरडला, "आई आहे!" हवालदाराने लगबगीने अडथळा बाजूला घेतला. गाडी मातृमार्गिकेत शिरली. त्या पट्ट्यावरून नेहमीच्या सवयीने एक मुलगी सायकल चालवत होती.

ब्रेकचा आवाज झाला. सायकल एकीकडे गेली, मुलगी दुसरीकडे कुंपणाच्या झुडपात.

मोठ्याबाई गाडी थांबायच्या आधीच दार उघडून उतरल्या. झुडपातून आधी एक चप्पल बाहेर आली, मग हात आणि मग नात.

"आजी, तू इथे कशी?" ती म्हणाली. तिचे गुडघे सोलले होते, कोपरातून रक्त येत होतं, आणि सायकलीच्या पुढच्या चाकाचं वेटोळं झालं होतं. मोठ्याबाईंनी तिचे हात, पाय, डोकं चाचपून पाहिलं. सगळं जागेवर होतं. त्यांनी पदराने तिच्या कोपराचं रक्त पुसलं. रस्त्यावर रडायची त्यांना सवय नव्हती.

साहेब आले. त्यांनी शांतपणे गाडी पाहिली, सायकल पाहिली आणि विचारलं, "गाडीत आई होती?"

"होती," हवालदार म्हणाला.

"म्हणजे चालक शुद्धीत आणि शांत होता. सायकलीवर आई होती?"

"नव्हती, साहेब."

"म्हणजे चूक सायकलीची."

"अहो काका, मी माझ्या बाजूने जात होते!" नात ओरडली.

"बघा," साहेब म्हणाले, "आक्रमकही आहे. हवालदार, सायकल जप्त करा. मुलगी अजून सज्ञान नाही, तेव्हा चुकीची कबुली पालकाची घ्या. पालक कुठे आहेत?"

नातीने गाडीकडे बोट केलं. तिचा बाप दाराला धरून उभा होता.

"वा, सोय झाली," साहेब म्हणाले. "आपल्या मुलीने आपल्या गाडीला धडक दिली, एवढंच लिहिलंय. इथे सही."

मोठ्याबाईंनी मुलाकडे पाहिलं. आता हा बोलेल, त्यांना वाटलं. दुकानातली शेळी असो की रस्त्यावरचा वाघ, लेकरू दोघांनाही असतं. मुलाने सोललेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग अडथळ्याजवळच्या फुंकायच्या यंत्राकडे पाहिलं. नव्या नळ्या आता आल्या होत्या. मग त्याने हवालदाराच्या हातातलं पेन घेतलं.

"बाबा?" नात म्हणाली.

"सही केली की मिटतं गं," तो जडावलेल्या जिभेने म्हणाला. "सायकल नवी घेऊ."

मोठ्याबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पेन काढून घेतलं.

"साहेब, ह्याला फुंकायला लावा."

"मोठ्याबाई, असं कसं? आपण गाडीत होता. नियम आहे."

"नियम आईचा आहे ना? मी ह्याची आई नाही."

मागे तुंबलेल्या गाड्यांमधल्या आयांनी माना बाहेर काढल्या.

"मोठ्याबाई, काहीतरीच काय! ठाण्यात आपला फोटो आहे!"

"फोटो माझा आहे. हा माझा नाही. मी भाड्याने आलेय."

"आई!" मुलगा कळवळला.

"सगळे असंच म्हणतात, साहेब," मोठ्याबाई म्हणाल्या. "बाजाराच्या तोंडाशी जाऊन ऐका."

"पण आजवर रोज तुम्हीच..."

"रोजचंच भाडं होतं."

साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदार खाली पाहत पण स्पष्ट म्हणाला, "मातोश्रीने स्वतः कबुली दिल्यास अधिक पुरावा मागू नये. आपलाच पोटनियम आहे, साहेब."

साहेबांना आलेख आठवला, फोटो आठवला, तोंडाशी आलेली बढती आठवली. पण भोवती माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या हातांत फोन होते. यंत्र आलं. मुलाने फुंकलं. यंत्राने आकडा दाखवायच्या आधीच एक लांब किंकाळी मारली, आणि हवालदार सवयीने दोन पावलं मागे सरकला. परवाना जप्त झाला, गुन्हा नोंदला गेला, सायकल सुटली. योजना सुरू झाल्यापासून सापडलेला तो पहिलाच दारुडा चालक होता, आणि तो मोठ्याबाईंचा होता.

जमलेले लोक हसत होते. मागच्या गाडीतल्या बाईने हळूच आपल्या मुलाचा हात स्टिअरिंगवरून काढला. बाकीच्या आयांनी माना आत घेतल्या आणि काचा वर केल्या. मोठ्याबाईंनी वेड्यावाकड्या चाकाची सायकल उचलून धरली. नात लंगडत शेजारी आली.

"आई," मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "आता तरी सांग ना ह्यांना, तू माझी खरी आई आहेस म्हणून."

"सांगते की," मोठ्याबाई म्हणाल्या, आणि त्याच्याशी बोलता बोलता त्यांची नजर फोन धरलेल्या सगळ्या हातांवरून फिरली. "ह्या घडीपासून खरी आहे. कालपर्यंत भाड्याचीच होते. तू मला तळं दाखवायचास, मी तुझा वास गिळायचे. पिऊन गाडी चालवणारा एकटा नसतो, लेका; त्याच्या शेजारी कुणीतरी काच खाली करून, तोंड बाहेर काढून बसलेलं असतंच. तुझा परवाना साहेबांनी घेतला. माझा मी घेतला. आता हे जे हसतायत ना, त्यांनी घरी जाऊन बघावं, आपण कुणाच्या गाडीत भाड्याने बसलोय ते. चल, ही सायकल धर. आणि गप्प चाल."